हात कामात होता

टाळ्या वाजायच्या आधीच माझ्या पेन्सिलीनं कंस उघडला, 'टाळ्या' लिहिलं आणि कंस बंद केला. मग टाळ्या वाजल्या. मधे फार तर अर्धा श्वास गेला असेल. रविवारची सकाळ होती. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या गाड्या बाहेर काढून तिथं प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, आणि रहिवाशांची सभा चालली होती. दातांचे डॉक्टर, म्हणजे आमचे अध्यक्ष, "आपण सगळे एक कुटुंब आहोत," एवढं म्हणून थांबले होते. ते थांबले आणि माझा हात त्यांच्या पुढं निघून गेला. कुणाच्या लक्षात येण्यासारखी गोष्ट नव्हती. लघुलिपी वाचता येणारा त्या तळमजल्यावर मी एकटाच, आणि हल्ली मलाही ती चष्मा पुसून वाचावी लागते. पण मी चष्मा पुसून तो कंस पुन्हा वाचला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. एकोणीस वर्षं झाली निवृत्त होऊन, हाताला जुनी खोड असणारच. समजूत अर्धा मिनिट टिकली. कारण खोड असती तर ती प्रत्येक भाषणात दिसायला हवी होती. नोकरीच्या एकतीस वर्षांत मी हजारो भाषणं उतरवून घेतली, आणि टाळ्या नेहमी वाजल्यावरच लिहिल्या. वाजायच्या आधी लिहिल्या त्या फक्त सहा वर्षांत. हाताला ती सहा वर्षं ओळखू आली होती. मला नंतर आली.

मला सभेत कुणी भाषण करायला बोलावलं नव्हतं. डॉक्टर शनिवारी घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "काका, तुमच्यासारखा माणूस इमारतीत असताना आम्ही इतिवृत्त असं कुणाकडूनही लिहून घ्यायचं म्हणजे घरात गवई असून रेडिओ लावण्यासारखं आहे." माणूस गोड. माझ्या तोंडातले वरचे दात त्यांनीच बसवलेत, त्यामुळे त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं तर त्यांच्याच दातांनी बोलावं लागतं. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. म्हाताऱ्या माणसाला त्याच्या कामासाठी कुणी विचारत नाही. विचारतात ते गोळ्या वेळेवर घेतल्या का एवढंच. मी दोन पेन्सिली तासून ठेवल्या. बायको म्हणाली, "लग्नाला निघाल्यासारखे नटताय की." मी म्हटलं, "लग्नात मला काही लिहायचं नव्हतं, फक्त सही होती."

नोकरीत असताना विधिमंडळाच्या सभागृहात आमचं टेबल अगदी खाली, खड्ड्यात असल्यासारखं. वर अध्यक्षांचं आसन, समोर सदस्यांच्या चढत गेलेल्या रांगा, आणि मधे आम्ही दोघं लघुलेखक, दहा-दहा मिनिटांच्या पाळीनं. दहा मिनिटं झाली की मागून दुसरी जोडी यायची आणि आम्ही वाक्याच्या मधूनच उठून जायचो. त्यामुळे इतिहासातली बरीच वाक्यं मला अर्धीच माहीत आहेत. आमचे मुख्य लघुलेखक पहिल्या दिवशी म्हणाले होते, "तिथं तुम्हाला कान असतील, हात असेल. तुम्ही मात्र तिथं नसाल." हे त्यांनी प्रेमानं सांगितलं होतं. मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं आणि पुढं आयुष्यभर पाळलं, इतकं की घरातसुद्धा बायको कधी कधी विचारायची, "आहात का?" शब्द तर कुणीही लिहील, आमची खरी कला कंसात. अडथळा, गोंधळ, हशा, टाळ्या. बोलणारा काय बोलला हे मजकुरात यायचं आणि माणसं काय करत होती ते कंसात. त्या सहा वर्षांच्या सुरुवातीला मार्गदर्शक सत्तेवर आले तेव्हा (त्यांना मार्गदर्शक म्हणायचं असा ठरावच होता, मार्ग एकच उरल्यामुळे दर्शन सोपं झालं होतं) पहिल्यांदा 'अडथळा' गेला. आम्हाला बरंच वाटलं. दोन माणसं एका वेळी बोलली की लघुलेखकाचे हाल कुत्रा खात नाही. मग 'हशा' गेला. तो एका दिवसात नाही गेला. मार्गदर्शक विनोद करायचे, वाईट नसायचे. पहिल्या वर्षी त्यांच्या विनोदापुढं मी 'हशा' असं लिहायचो, दुसऱ्या वर्षी 'हशा आणि टाळ्या', तिसऱ्या वर्षापासून नुसत्या 'टाळ्या'. विनोदाला हसण्याऐवजी माणसं टाळ्या वाजवायला लागली की काहीतरी बिघडलंय, हे न कळायला मी काही दूधखुळा नव्हतो. पण तेव्हा मला एवढंच जाणवलं की पेन्सिली कमी झिजतायत. साठ्याच्या नोंदवहीत मी तसा शेरासुद्धा मारला होता.

आणि आता तळमजल्यावर डॉक्टर बोलत होते. विषय साधा होता. शहरात नदीपलीकडची माणसं फार झालीयत. त्यांच्याशी आपलं वैर नाही. पण आपली मुलं, आपले जिने, आपलं पाणी. तेव्हा यापुढं आपल्या इमारतीत नदीपलीकडच्यांना घर भाड्यानं द्यायचं नाही, आणि जे राहतायत त्यांना दोन महिन्यांची मुदत. विभाग कार्यालयाला त्यांची नावं कळवायची, फक्त माहितीसाठी. सगळं तात्पुरतं. 'तात्पुरतं' या शब्दाला लघुलिपीत एक छोटंसं चिन्ह आहे, खाली वळलेल्या आकड्यासारखं. ते मी त्या पाऊण तासात चौदा वेळा काढलं. भाषण संपत आलं तेव्हा मी पान उलटून पाहिलं. चार वेळा टाळ्या होत्या. हशा एकदाही नव्हता. आणि ही आमची इमारत! इथं पाण्याच्या पंपावरच्या सभेत माणसं खुर्चीवरून पडेपर्यंत हसलेली मी पाहिली आहेत. तिसऱ्या मजल्यावरची शिक्षिका आणि पहिल्या मजल्यावरचा विमेवाला एकमेकांची जी उणीदुणी काढायचे, त्यावर तिकीट लावता आलं असतं. आज दोघं शेजारी शेजारी बसले होते, हात मांडीवर ठेवून, फोटो काढायला बसवल्यासारखे.

"जे राहतायत" म्हणजे एकच बिऱ्हाड होतं. चौथ्या मजल्यावरचा घड्याळजी आणि त्याची आई. आई जिना उतरत नसे. घड्याळजी सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसला होता, डोळ्याला भिंग लावायची सवय असल्यामुळे एक डोळा जरा बारीक करून. भाडेकरूला मत नसतं, तरी सूचना दारावर लागली म्हणून तो आला होता. सूचनेत 'सर्वांनी उपस्थित राहावे' असं होतं, आणि 'सर्वांनी' या शब्दावर त्याचा अजून विश्वास होता. डॉक्टर म्हणाले, "ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत." हात वर गेले. सगळे एकदम गेले नाहीत. आधी पुढच्या रांगेतले, मग त्यांच्याकडे बघून मधले, मग मागं वळून बघणाऱ्यांकडे बघून मागचे. आणि सगळ्यात मागं घड्याळजीचा हात वर गेला. सरळ, कोपर ताठ, शाळेत करतात तसा. डॉक्टर फार मायेनं म्हणाले, "अहो, तुम्हाला मत नाही. घ्या खाली." त्यानं घेतला. "माफ करा," म्हणाला.

त्याच वेळी मला परिचारिका दिसली. दुसऱ्या मजल्यावर राहते, सरकारी इस्पितळात नोकरी, नवरा गेल्यापासून मुलीला एकटी वाढवते. ती खांबाच्या आड बसली होती. समोरून ती डॉक्टरांना दिसण्यासारखी नव्हती. माझं टेबल बाजूला, भिंतीला लागून होतं, त्यामुळे मला खांबाच्या दोन्ही बाजू दिसत होत्या. तिचे दोन्ही हात मांडीवर होते, तळवे वर, जणू त्यात कुणीतरी काही ठेवून गेलंय आणि ते सांडू नये म्हणून ती जपतेय. "विरोधात कुणी आहे का?" डॉक्टरांनी विचारलं आणि हसून माझ्याकडे पाहिलं. "काका, तुमची नजर पक्की. कुणाचा हात राहिला असेल तर टिपून ठेवा. विभाग कार्यालयाला संपूर्ण माहिती लागते." परिचारिकेनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. आणि माझी पेन्सिल, जी कधीच कुणाच्या भानगडीत पडत नाही, कागदावर एक रेघ, एक ठिपका आणि एक आकडी काढून मोकळी झाली. म्हणजे: दुसरा मजला, एक, हात खाली. तिला लघुलिपी येत नव्हती. पण पेन्सिल हललेली तिला दिसली.

असंच एकदा आधी झालं होतं. सभागृहात एक सदस्य होते, गुरांचे डॉक्टर. त्यांचा मतदारसंघ म्हणजे निम्मी माणसं आणि निम्मी जनावरं, आणि आपल्याला निवडून जनावरांनीच दिलं असं ते म्हणायचे. 'हशा' हा कंस शेवटी शेवटी जो काही शिल्लक होता तो त्यांच्या जिवावर. त्या दिवशी मार्गदर्शक आत आले आणि सभागृह उभं राहिलं. टाळ्या सुरू झाल्या. अशा टाळ्यांची एक अडचण असते: त्या सुरू करायला धैर्य लागत नाही, थांबवायला लागतं. चार मिनिटं झाली. तळवे लाल झाले होते, एक वयस्कर सदस्य डोळे मिटून वाजवत होते. आणि तिसऱ्या रांगेत गुरांचे डॉक्टर बसून होते. उजवा हात गुडघ्यावर, गुडघा चोळत. त्या गुडघ्याची मला माहिती होती. आठवड्यापूर्वी जिन्यात त्यांनीच सांगितलं होतं, एका म्हशीनं लाथ मारली म्हणून. "विरोधी पक्ष शिल्लक आहे तो एवढाच," असं म्हणाले होते. मी लिहिलं: 'सर्व सदस्य उभे राहतात. प्रदीर्घ टाळ्या. एक सदस्य बसून.' गुडघा लिहिला नाही. कारणं लिहायची आमच्यात पद्धत नाही. माणूस बसला हे दिसतं, का बसला हे दिसत नाही. आणि जे दिसत नाही ते लिहिणारा तो लघुलेखक कसला. त्या वेळी मला स्वतःचं कौतुकच वाटलं होतं. माझ्या जोडीदारानं नुसतं 'सर्व सदस्य उभे राहतात' एवढंच लिहिलं होतं, आणि मी त्याला म्हटलं होतं, "लेका, डोळे उघडे ठेवून लिहीत जा."

चौथ्या दिवशी गुरांच्या डॉक्टरांची बायको आमच्या कार्यालयात आली. हातात मोठं तपकिरी पाकीट, त्यात गुडघ्याचा एक्स-रे. त्यांना आदल्या रात्री 'दोन प्रश्न विचारायला' नेलं होतं. तिनं एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून मला दाखवला, जणू मी हाडांचा डॉक्टर. म्हणाली, "एवढंच लिहा ना, गुडघा दुखत होता म्हणून. तुम्ही पाहिलंत ना चोळताना?" मी पाहिलं होतं. पण दुरुस्तीची मुदत अठ्ठेचाळीस तास. ती आदल्या दुपारी संपली होती. दुरुस्ती स्वतः सदस्यानं मागायची असते, हेही मी तिला सांगितलं. नियमावली काढून तो परिच्छेद दाखवला. तिनं तो वाचला, सावकाश, ओठ हलवत. मग एक्स-रे पाकिटात घालायला लागली तर तो काही केल्या जाईना; मी पाकिटाचं तोंड धरलं, तिनं आत सरकवला. "बरं," म्हणाली, "तुम्हाला उगाच त्रास दिला." एवढं बोलून गेली. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर आज मी बऱ्यापैकी झोपलो असतो. गुरांचे डॉक्टर परत आले नाहीत. आणि माझी खरी पंचाईत अशी की ते का बसले होते, हे मला अजून माहीत नाही. कधी वाटतं गुडघाच होता, आणि एका दुखऱ्या गुडघ्यासाठी माणूस गेला. कधी वाटतं त्यांनी गुडघा मुद्दाम चोळला असेल, माझ्याकडे बघत, मला एक कारण देऊन ठेवावं म्हणून. मी ते घेतलं नाही.

पुढं मार्गदर्शक गेले. असले लोक जातात, नाही असं नाही, वेळ लावतात. चौकशी समिती बसली, तिनं आमच्या सहा वर्षांच्या वह्या तपासल्या आणि कर्मचाऱ्यांना अचूकतेबद्दल प्रशस्तिपत्रं दिली. माझ्या पत्रात विशेष उल्लेख होता. बायको ते भिंतीवर लावायचं म्हणत होती. मी ते कपाटात कपड्यांखाली ठेवलं. तिला वाटलं विनय.

रविवारी संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, परिचारिका घरी आली. दारात चपला काढताना तिनं त्या आत घेतल्या. बाहेर दिसू नयेत म्हणून. बायकोनं पाणी दिलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"काका, तुम्ही लिहिलंत ना?"

"लिहिलं."

"खोडता येईल?"

ती घाईघाईनं बोलायला लागली. "मी विरोध वगैरे केला नाही हो. तेवढी हिंमत नाही माझ्यात. हात वर करायचं ठरवूनच खाली आले होते. खरंच. म्हटलं, सगळे करतील तसं करू आणि वर जाऊन डबा भरू, दुपारची ड्यूटी होती. पण त्यानं केला ना, घड्याळवाल्यानं... त्याचा हात बघितला आणि माझा उठेचना. बधिर झाल्यासारखा. पेशंट सांगतात तसं. मी बोटं हलवून बघितली, हलत होती." तिनं मला बोटं हलवून दाखवली. "मुलीचा पुढच्या महिन्यात प्रवेश आहे काका. विभाग कार्यालयाचा दाखला लागतो."

"अगं, पण तू बरोबर केलंस," बायको म्हणाली.

"काकू, मला बरोबर नका म्हणू," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "आज दुपारी वॉर्डात दोन जणी मला तेच म्हणाल्या. कुणी सांगितलं त्यांना? मी तर कुणाला सांगितलं नाही. बरोबर म्हणणारी माणसं फार असली की मला भीती वाटते. सर्वानुमते लिहा काका. तुमच्या पाया पडते."

"पाया पडू नकोस," मी म्हटलं. "माझे पाय या वयात आधीच कुणाच्या उपयोगाचे नाहीत." ती हसली नाही. मीही हसण्यासाठी बोललो नव्हतो, तोंडाला सवय. मग मी म्हणालो, "बरं. लिहितो."

एवढ्या चटकन हो येईल असं तिला वाटलं नव्हतं. तिनं पदरानं कपाळ पुसलं, आणि मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी या वयात पुन्हा बघायला नको होतं. सुटका नव्हती ती. आपला एकुलता एक दागिना विकून आलेल्या बाईसारखी ती उठली. चपला हातात घेऊनच जिना उतरली.

दार लावून बायको परत आली आणि माझ्यासमोर बसली. आमच्या लग्नाला बावन्न वर्षं झाली. ती समोर बसली की काहीतरी येणार हे कळतं.

"सर्वानुमते लिहिणार?"

"तिचं नाव नाही लिहिणार."

"ते मी विचारलं नाही."

खरंच, ते तिनं विचारलं नव्हतं. मी वही उघडून बसलो. तिचं चिन्ह खोडणं सोपं होतं. रबर हातात होता. पण ती रेघ-ठिपका-आकडी पुसल्यावर जे उरत होतं, तेही मला चांगलंच ओळखीचं होतं. एक इमारत, सगळ्यांचे हात वर. उद्या कधी कुणी ही वही उघडेल, चष्मा पुसेल आणि म्हणेल, अरेरे, एकही माणूस नव्हता. आणि मला अचूकतेबद्दल आणखी एक प्रशस्तिपत्र देईल. लिहावं तर बाई जाते, न लिहावं तर बाई होती हेच जातं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे मी तासलेली पेन्सिल घेऊन. मग, मला नीट आठवतं, मी स्वतःला एक अगदी साधा प्रश्न विचारला, जो एकतीस वर्षांत विचारायचं कारण पडलं नव्हतं: हात वर करा म्हटलं तेव्हा माझा हात कुठं होता? मी डोळे मिटून तो तळमजला परत पाहिला. खांब, खुर्च्या, घड्याळजीचं ताठ कोपर. माझा हात वर नव्हता. खालीही नव्हता म्हणायला हवं. माझा हात कामात होता. चार मिनिटांच्या टाळ्या चालल्या तेव्हाही तो कामात होता, आणि म्हणून मी टाळ्या वाजवल्या नाहीत असं मी स्वतःला सांगत आलो होतो. एवढ्या मोठ्या सभागृहात, माझा जोडीदार सोडला तर, टाळ्या न वाजवलेली माणसं दोनच. एक बसलेला होता, त्याला नेलं. दुसऱ्याला प्रशस्तिपत्र.

मी बायकोला म्हटलं, "घर माझ्या नावावर आहे. मला मत आहे."

"घर दोघांच्या नावावर आहे."

"हो, दोघांच्या. मी लिहितो: विरोधात एक, लघुलेखक."

मग म्हणाली, "माझा हात वर होता."

मला माहीत होतं. दुसऱ्या रांगेत, शिक्षिकेच्या बाजूला. मी तो मोजला होता. नवऱ्यानं बायकोचा हात मोजावा आणि पुढं सरकावं, हेही याच वहीत होऊन गेलं होतं.

"शिक्षिकेनं केला म्हणून मी केला," ती म्हणाली. "ती माझ्याकडे बघत होती. आणि मी तिच्याकडे बघत होते म्हणूनच तिनं केला असणार, असं आता वाटतंय. वर घड्याळवाल्याची आई एकटी पडलेली असते. मी तिला दर मंगळवारी पेपर वाचून दाखवते. आणि हात वर केला. अहो, मी कोण आहे?" तिनं हे रडून विचारलं नाही. घरात कात्री सापडत नसली की विचारते तसं विचारलं. ती पुढं म्हणाली, "लिहा माझंही. खाली लिहा."

"तुझा वर होता. मी पाहिलाय."

"तुम्ही पाहिलात. मी आता सांगतेय."

आयुष्यात पहिल्यांदा मी जे पाहिलं त्याच्या उलट लिहिलं, दोनदा, एकाच पानावर. एका बाईचा खाली असलेला हात वर लिहिला आणि दुसरीचा वर असलेला खाली. तरी त्या पानाइतकं खरं पान मी दुसरं लिहिलेलं नाही, असं मला वाटतं. तशी खात्री नाही. खात्रीचं खातं मी बंद केलंय.

गुरुवारी सकाळी घड्याळजी गेला. दोन महिन्यांची मुदत होती, पण त्यानं चार दिवसांत आटोपलं. आईला खुर्चीत बसवून दोघा हमालांनी खाली आणलं. चौथ्या मजल्यापासून तळापर्यंत सगळी दारं बंद होती, आणि प्रत्येक दारामागं कुणीतरी उभं आहे हे त्या शांततेवरून कळत होतं. फक्त आम्ही दोघं आमच्या दारात उभे होतो. म्हातारीनं माझ्या बायकोचा हात धरला आणि विचारलं, "मंगळवारी येणार ना?" तिला काय सांगितलं होतं कोण जाणे. बायको म्हणाली, "येते." घड्याळजी मला म्हणाला, "काका, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. हात तर मीही वर केला होता." मी त्याला सांगू शकलो असतो की वहीत काय लिहिलंय. सांगितलं नाही. जाणाऱ्या माणसाच्या सामानात आणखी एक वस्तू कशाला.

पुढच्या रविवारी इतिवृत्त वाचून कायम करायची सभा होती. मी डॉक्टरांच्याच दातांनी स्वच्छ वाचून दाखवलं. "ठरावाच्या विरोधात दोन. लघुलेखक आणि त्यांची पत्नी." पुढच्या रांगेतली एक खुर्ची करकरली. डॉक्टर रागावले नाहीत. ते हसले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

"काका, लिहिणाऱ्याला मत असतं का?"

"आमच्यात नव्हतं," मी म्हटलं. "चूक होती ती."

"आणि काकूंचा हात तर मी स्वतः पाहिला."

"माझा हात मी जास्त जवळून पाहिलाय डॉक्टर," बायको दुसऱ्या रांगेतून म्हणाली. एरवी या वाक्यावर ही इमारत हसली असती. विमेवाल्याच्या तोंडाचा कोपरा हललासुद्धा. मग त्यानं शेजारी पाहिलं आणि तो जागेवर आणला.

डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे. तुमची इच्छा. प्रत जाईल कार्यालयात, त्यात माझा काही इलाज नाही." मग आवाज पुन्हा गोड करून, "वाचलेलं इतिवृत्त बरोबर आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत."

आता माणसांची पंचाईत झाली. हात वर करावा तर दोन जण विरोधात होते हे खरं ठरतं. न करावा तर आपणच तिसरे. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. त्या शांततेत पहिला हात वर गेला तो परिचारिकेचा. आज ती खांबाआड नव्हती, पहिल्याच रांगेत, सगळ्यांना दिसेल अशी बसली होती. तिचा गेल्यावर बाकीचे गेले, भराभर, सुटल्यासारखे. तिच्या शेजारी तिची मुलगी होती. मुलगी आईच्या हाताकडे बघत होती, आणि आई समोरच्या फरशीकडे.

"मंजूर," डॉक्टर म्हणाले. हात खाली आले. खुर्च्या सरकल्या, माणसं उठली, कुणी गाडीच्या किल्ल्या शोधायला लागलं. परिचारिकेचा हात वरच होता. कोपर ताठ, बोटं जुळलेली. बायको उठून तिच्याजवळ गेली, खाली वाकली आणि हलकेच म्हणाली, "झालं गं. घे आता खाली." ती काही ऐकत नव्हती. शेवटी मुलीनं दोन्ही हातांनी तो धरला आणि हळूहळू, दुखऱ्या माणसाचा धरतात तसा, खाली आणून तिच्या मांडीवर ठेवला.

माझ्यासमोर वही उघडी होती. मी ते लिहिलं नाही.